घरातला कॅम्प: तंबू मुलांनाच बांधू द्या

नमस्कार ताई. तुमचा प्रश्न नीट वाचला. मुलगी सहा वर्षांची, जूनमधे पहिलीत जाणार, मुलगा साडेतीनचा, ठाण्यात फ्लॅट, गच्चीची किल्ली सोसायटी देत नाही, आणि तुम्ही घरून काम करता. सुट्टीत काहीतरी वेगळं म्हणून ऑनलाइन छोटा टेंट मागवलात, नेटवरून 'कॅम्पिंग थीम'च्या वर्कशीट प्रिंट केल्यात, रात्री जागून हॉल सजवलात, आणि पोरं अर्ध्या तासात कंटाळली, मग टेंटमधे कोण बसणार यावरून मारामारी, आणि शेवटी मोबाईल. आता तुम्ही विचारताय की अजून कुठल्या ॲक्टिव्हिटी घेता येतील आणि यातून मुलं खरंच काही शिकतात का, की नुसताच पसारा.

मी बरीच वर्षं बालवाडी चालवते आणि दर उन्हाळ्यात मुलांबरोबर हा कॅम्पचा खेळ घेते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझ्या मते तुमच्याकडे ॲक्टिव्हिटी भरपूर होत्या, फक्त त्यातलं करण्यासारखं जे होतं ते सगळं तुम्हीच आदल्या रात्री करून ठेवलंत. मुलांच्या वाट्याला उरलं काय तर आत जाऊन बसणं आणि अस्वलाच्या चित्रात रंग भरणं. दिवाळीतला किल्ला आठवा, तयार प्लास्टरचा किल्ला विकत आणला की पोरं दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत, पण दगडं-विटा गोळा करून, पोतं भिजवून, चिखल लिंपून केलेल्या वाकड्यातिकड्या किल्ल्यापाशी चार दिवस ठाण मांडून बसतात. कॅम्पचं अगदी तेच आहे. म्हणून नवीन ॲक्टिव्हिटींची यादी देण्याआधी माझं म्हणणं असं की आहे तेच काम मुलांच्या हातात द्या, आणि एका दिवसात सगळं उरकू नका, आठवडाभर पुरवा.

आता काही गोष्टी तुमच्या घरावर आणि मुलांवर अवलंबून आहेत, त्या मी इथून ठरवू शकत नाही. साडेतीनच्या मुलाला अंधाराची भीती वाटते की नाही, दोघांचं एरवी कितपत पटतं, तुमच्या मिटिंग किती वाजता असतात, गॅलरीला ग्रिल आहे का. ग्रिल नसेल तर गॅलरीतलं जे जे पुढे लिहिलंय ते तुम्ही शेजारी असतानाच, नाहीतर सरळ सोडून द्या.

सुरुवात सामान भरण्यापासून करा. आज तंबू नाही, आज फक्त तयारी. मुलीच्या हातात वही द्या आणि म्हणा, कॅम्पला काय काय लागेल ते लिही. ती 'टॉरच' लिहील, 'पानी' लिहील, लगेच लाल पेन घेऊन बसू नका, यादी तिला स्वतःला वाचता आली की झालं, कारण ती यादी बघूनच पुढे सामान भरायचंय. धाकटा चित्र काढेल, त्याचं चित्र म्हणजे त्याची यादी. मग दोघांनी आपापल्या दप्तरात आपापलं सामान भरायचं, आणि नियम एकच की जे भराल ते स्वतः पाठीवर घेऊन सगळ्या घरातून एक फेरी मारायची. इथे खरी मजा येते. पहिल्यांदा सगळी खेळणी आत कोंबली जातात, पाठीवर घेतलं की लक्षात येतं, मग बाहेर काय काढायचं यावर चर्चा. शाळेच्या दप्तराचा सरकारी नियम आहे ना, 2020 च्या धोरणातला, मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा दप्तर जड नको, तोच इथे लावा, म्हणजे 20 किलोच्या मुलीला 2 किलो. घरात वजनकाटा असेल तर आधी ती एकटी उभी राहील, मग दप्तर घेऊन. फरक किती आला हे पहिल्या दिवशी तुम्ही सांगा, दोनतीनदा झालं की ती स्वतः आकडे बघायला लागेल. वर्गीकरण, अंदाज, वजाबाकी सगळं आलं यात, पण हे शब्द मुलांसमोर उच्चारायचे नाहीत.

आता तंबू. यावर मी जरा जास्तच बोलणार आहे कारण माझ्या दृष्टीने निम्मा कॅम्प इथेच असतो.

विकतचा टेंट काही दिवस माळ्यावर टाका. त्याऐवजी एक जुनी सुती साडी, चारेक खुर्च्या, कपड्यांचे चिमटे आणि सुताची जाड दोरी एवढं हॉलमधे आणून ठेवा आणि सांगा की रात्री यात बसून गोष्ट ऐकायचीय, बांधा. साडी सुतीच घ्या, जॉर्जेट किंवा सिंथेटिक साडी चिमट्यातून सुळकन निसटते आणि मुलं वैतागतात. दोरीही नायलॉनची नको, नायलॉनची गाठ आपोआप सैल पडते आणि हातालाही काचते.

मग तुम्ही बाजूला बसा. जमलं तर भाजी निवडत बसा, म्हणजे हात तिकडे जाणार नाहीत. कारण पहिला तंबू पडणार हे नक्की. माझ्या वर्गात एकदा एका पोराने दोरी खुर्चीच्या पाठीला बांधली, साडी टाकली, आणि साडीच्या ओढीने खुर्ची त्याच्याकडेच कलली. त्याने खुर्ची सरळ केली, परत कलली. मग तो खुर्चीवर बसून राहिला, म्हणजे तंबू उभा पण हा बाहेर. बराच वेळ तसाच बसला होता बिचारा. मग उठला, सगळ्यांची दप्तरं गोळा करून आणली आणि खुर्चीवर रचली. मी जर पहिल्यांदा कलल्याबरोबर "अरे वजन ठेव त्याच्यावर" म्हटलं असतं तर काम दोन मिनिटात झालं असतं आणि त्याच्या हाती काहीच लागलं नसतं. तुमच्या घरी वेगळं काहीतरी पडेल, पण पडू दे. फक्त रडारड व्हायला लागली तर उत्तर न देता एक प्रश्न टाका, "कुठल्या बाजूला पडतोय?" बस एवढंच.

चिमट्यांचं काम धाकट्याला द्या. साडेतीन वर्षांच्या बोटांना कपड्याचा चिमटा दाबणं हे खरंच कष्टाचं काम असतं, अंगठा आणि दोन बोटं एकत्र लावून जोर द्यावा लागतो, आणि पुढे पेन्सिल धरायला लागणारा जोर त्याच बोटांचा. लाकडी चिमटा जास्त कडक असेल तर प्लास्टिकचा वापरलेला, सैल झालेला द्या. मुलीला गाठी शिकवा. पहिलीला जाणाऱ्या मुलीला सुरगाठ आणि निरगाठ दोन्ही यायला हरकत नाही, आधी परकराची जाड नाडी घेऊन खुर्चीच्या पायाला बांधायची सवय करा, मग दोरी. एका ओढीत सुटते ती कुठे बांधायची आणि ओढली तरी सुटत नाही ती कुठे, हे तिला ठरवू द्या. दाराला सुरगाठ, खुर्चीला निरगाठ हे ती एका दिवसात शिकते, कारण आईने दार उघडायला सांगितलं आणि गाठ सुटलीच नाही की सगळे आत अडकतात. बुटाच्या नाडीचा प्रश्नही त्यातच सुटून जातो.

साडी अंथरलीच आहे तर मोजून घ्या. पट्टी आत्ता नको, वीत वापरा. मुलीने वितीवीतीने साडी मोजायची आणि दर दहा विती झाल्या की धाकट्याने काठाला एक चिमटा लावायचा. पाचवारी साडी तिच्या वितीने चाळिसाच्या आसपास भरेल, म्हणजे चार चिमटे लागतील आणि वर काही विती उरतील. ताई, पहिलीच्या पुस्तकातलं दशक आणि एकक म्हणजे हेच, फक्त इथे ते डोळ्याला दिसतं आणि हाताला लागतं. मग तुम्ही तुमच्या वितीने मोजून दाखवा, विती कमी भरतील. साडी तीच, मग आकडा का बदलला? यावर दोघं काय बोलतात ते ऐका, आणि उत्तर त्याच दिवशी मिळालं नाही तरी चालेल, दोन दिवसांनी अंघोळ करताना अचानक येतं.

"खरंच काही शिकतात का" याचं उत्तर म्हणूनच मी वेगळं देत नाहीये. एवढंच सांगते की हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मधे पालघरकडच्या बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे जवळच्याच कोसबाडला नेलं, तेव्हा बिया, पानं, खडे, शंख-शिंपले, जे आजूबाजूला आहे तेच शिकवायचं साहित्य होतं. गुरं चारायला जाणारी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा. आणि आता 2020 च्या शैक्षणिक धोरणानेही 3 ते 8 वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, खेळातून आणि हाताने करून शिकण्याचा, म्हणजे तुमची दोन्ही मुलं त्यातच बसतात. त्यामुळे पहिलीची तयारी बुडतेय वगैरे टेन्शन घेऊ नका. वर्कशीटबद्दल मात्र माझं मत जरा कडक आहे. अस्वल, पाइनची झाडं आणि काडीला लावलेला मार्शमेलो, यातलं तुमच्या मुलांनी काय बघितलंय? त्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजू वापरा, नकाशे काढायला उपयोगी पडतील.

नकाशाचं पटकन सांगते. मुलीला घराचा नकाशा काढायला सांगा, ती समोरून दिसतं तसा फ्रिज काढेल, तर टेबलावर उभं करून (तुम्ही धरून) खाली बघायला सांगा, वरून फ्रिज कसा दिसेल? चौकोन. मग त्या नकाशावर फुली मारून एक वस्तू लपवा. धाकट्यासाठी नकाशा नको, त्याला नुसत्या तोंडी खुणा द्या, "टेबलाच्या खाली, उशीच्या मागे, दोन खुर्च्यांच्या मधे". खाली-वर-मागे-मधे एवढं कळलं तरी त्याच्या वयाला भरपूर आहे.

दिवसा ऊन येत असेल तर सावलीचा खेळ घ्या, आणि तुम्ही फार चांगल्या वेळेला विचारलंय. पाण्याने भरलेली बाटली खिडकीशी किंवा गॅलरीत उभी करायची, सकाळी, दुपारी, संध्याकाळी तिच्या सावलीच्या टोकाला खडूने खूण करायची आणि मधे मधे दोरीने सावली मोजायची. कुठल्या वेळची दोरी सगळ्यात छोटी? मेच्या मध्यावर, 15-16 तारखेच्या सुमारास, ठाण्या-मुंबईला शून्य सावलीचा दिवस येतो, दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखालीच जाते. कोल्हापूरला हा दिवस मेच्या पहिल्या आठवड्यात येतो आणि नागपूरला शेवटच्या, पेपरात गावागावांच्या तारखा छापून येतात. त्या वेळी गॅलरीत ऊन नसेल, बहुतेक वरच्या मजल्याचा स्लॅब आडवा येतोच, तर खाली पार्किंगमधे पाच मिनिटं टोपी घालून उतरा. मुलीला म्हणा सावलीवर उडी मार, आणि ती शोधत बसेल की सावली गेली कुठे. साडेतीनच्याला यातलं कारण समजणार नाही, समजावूही नका, त्याला उड्या मारू द्या.

संध्याकाळनंतर टॉर्च. भांडणाचं मूळ बऱ्याचदा एकच टॉर्च असतो, त्यामुळे दोन घ्या, साधे, स्वस्तातले. तंबूच्या आत टॉर्च, साडीवर सावली, बाहेर बसलेल्याने ओळखायचं काय आहे ते. डाव, किसणी, गाळणी, पोळपाट, स्वयंपाकघरातलं काहीही चालतं, किसणीची सावली सगळ्यात भारी येते. मग विचारायचं, डाव टॉर्चच्या जवळ नेला तर सावली मोठी होईल की लहान? आधी दोघांनी आपापला अंदाज सांगायचा, मग करून बघायचं. हा क्रम पाळा बाकी काही पाळलं नाही तरी चालेल, कारण अंदाज आधी बोलून दाखवला की मूल निकाल बघायला टक लावून बसतं. मुलांना वाटतं वस्तू जवळ नेली म्हणजे प्रकाश जास्त म्हणजे सावली लहान, आणि ती होते मोठी. का, ते डाव पुढेमागे करत करत मुलीला हळूहळू दिसेल. धाकटा तोपर्यंत कुत्र्याचं तोंड करून भुंकत असेल, त्याचं ते बरोबरच चाललंय.

शेकोटी हवीच असते पोरांना. तीन दगड मांडा चुलीसारखे, मधे केशरी जिलेटिन पेपरने झाकलेला टॉर्च, वर काटक्या. तीन का, दोन दगडांवर पातेलं ठेवून बघा म्हणावं, पडलं की कळेल. मेणबत्ती, पणती काही नको, साडीच्या तंबूच्या आसपास खरी आग अजिबात नाही.

मग दिवे बंद करून कान उघडे ठेवायचा खेळ. दोन-तीन मिनिटंच, त्याहून जास्त धाकटा टिकणार नाही. जितके आवाज ऐकू आले तितके खडे वाटीत टाकायचे. लिफ्ट, कुणाचा तरी मिक्सर, कुकरची शिट्टी, पाल चुकचुकली, आणि ठाण्यात तुमच्याकडे जरा झाडं असतील तर रातकिडे, टिटवी, एखादा पिंगळासुद्धा. पहाटे उठलात तर कोकीळ आणि पावशा. मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज लावून ओळखायला लावू नका, तुमच्या खिडकीतून जे येतंय तेच ऐका. दुसऱ्या दिवशी मुलीने वहीत प्रत्येक आवाजाला एक खूण शोधून काढायची, शिट्टीला काय काढशील, टिटवीला काय? एक खूण म्हणजे एक आवाज हे तिचं तिला सुचलं की अक्षर म्हणजे काय ते निम्मं समजलं.

आकाशाचं शहरात फार काही जमत नाही, खोटं कशाला सांगू. पण मे महिन्यात रात्री आठ-नऊला सप्तर्षी उत्तरेला चांगले वर असतात आणि सात तारे मोजणं मुलीला सहज जमेल. शेपटीच्या मधल्या ताऱ्याला, म्हणजे वसिष्ठाला चिकटून अरुंधती आहे, आजी घरात असेल तर तिला विचारा लग्नात ती कशी दाखवतात. शेपटीची कमान तशीच पुढे नेली की केशरी झाक असलेली स्वाती आणि अजून पुढे चित्रा. ध्रुव ठाण्यातून क्षितिजापासून एकोणीस अंशांवर दिसतो, म्हणजे हात सरळ लांब करून एकावर एक जवळजवळ दोन मुठी, त्यामुळे उत्तरेला बिल्डिंग असेल तर तो गेलाच समजा. मग गच्चीसाठी सेक्रेटरींना एका रात्रीपुरतं विचारून बघा, चार घरांनी मिळून विचारलं तर किल्ली मिळते असा माझा अनुभव आहे. कठडा कितीही उंच असला तरी वर एकेका मुलामागे एक मोठं माणूस हवं.

खाण्याचं: गॅस न लावता होईल तेच. लिंबू सरबत (वाटी-चमच्याने मोजून, आधी बेताचीच साखर घालून चव घ्यायची, मग ठरवायचं), काकडीची कोशिंबीर, भेळ, दडपे पोहे, फोडणी तेवढी तुम्ही द्या. धाकटा चार वर्षांचा नाही अजून, त्याच्या भेळेत अख्खे शेंगदाणे नकोत, घशात अडकतात, कूट घाला. मार्शमेलोही त्याला नकोच.

तुम्ही घरून काम करता म्हणून हे स्पष्ट लिहिते. तुमची मिटिंग चालू असताना चालण्यासारखं म्हणजे सामान भरणं, यादी, चित्रं, आणि आधीच पक्का बांधलेल्या तंबूत खेळणं, तेही तुमच्या नजरेच्या टप्प्यात. दोरी, पाणी, स्वयंपाकघर, गॅलरी हे तुम्ही मोकळ्या असाल तेव्हाच. दोरी कधीही मुलांच्या गळ्याच्या उंचीला आडवी बांधू द्यायची नाही, एक तर डोक्याच्या वर नाहीतर जमिनीलगत, आणि खेळ संपला की दोरी उचलून वर ठेवायची. साडी टेबलावर जड पुस्तकं ठेवून दाबू नका, आतून ओढली की पुस्तकं डोक्यावर येतात, वजन खुर्चीच्या बैठकीवर ठेवायचं. पंख्यापासून लांब.

आणि एक गोष्ट जी बऱ्याच आयांना माहीतच नसते: छोटे चायनीज टॉर्च, लुकलुकणारे दिवे, बॅटरीच्या पणत्या यात बटणासारखा चपटा सेल असतो. तो मुलाने गिळला तर अन्ननलिका आतून भाजते, दोन तासातसुद्धा गंभीर इजा होऊ शकते. त्यामुळे सेलचं झाकण स्क्रूने बंद होणारेच घ्या, किंवा सरळ पेन्सिल सेलवाला टॉर्च घ्या, आणि गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता हॉस्पिटल गाठा. मच्छर कॉइल तंबूच्या आत किंवा कडेला नको, त्याऐवजी मच्छरदाणीचाच तंबू करा.

भांडणाबद्दल. पाळी लावून ("आधी तू दहा मिनिटं, मग तो") या वयात फारसं जमत नाही, साडेतीनच्याला दहा मिनिटं म्हणजे जन्मभर. त्यापेक्षा दोघांना वेगवेगळी कामं द्या जी एकमेकांशिवाय अडतात, तिची गाठ, त्याचे चिमटे. तंबू दोघं नीट मावतील एवढा मोठा झाला पाहिजे ही अट आधीच घाला, म्हणजे मोजायला अजून एक कारण. तरी भांडतीलच, पण मग भांडण साडी कुठे लावायची यावर होईल, आणि असल्या भांडणात मी पडत नाही.

इथपर्यंतचं थोडक्यात: पहिला दिवस सामान, दुसरा तंबू, तिसरा सावली, मग टॉर्च, मग आवाज, आणि तंबू रोज थोडा बदलत राहायचा, दार दुसरीकडे, उंच, बुटका. रोज रात्री तो सोडून, साडीची घडी घालून, चिमटे मोजून डब्यात ठेवायचे. घडी दोघांनी दोन टोकं धरून घालायची, हेही शिक्षणच आहे आणि तुमचा पसारा पण आवरतो. एखादा दिवस कुणाला नकोच असेल तर सोडून द्या, ओढूनताणून घेतलेला कॅम्प बघवत नाही.

तंबूत रात्रभर झोपायचं का? मुलांनी मागितलं तर हो, तुम्ही सुचवू नका. धाकट्याचा टॉर्च त्याच्या हातात असू दे, लावायचा-बंद करायचा त्याने. या वयात कल्पनाशक्ती जोरात असते त्यामुळे दिवसभर ज्या तंबूत हसत होता त्यातच रात्री कुणीतरी आहे असं वाटू शकतं. "एवढा मोठा झालास आणि घाबरतोस?" हे घरातल्या कुणालाही म्हणू देऊ नका. अकरा वाजता उशी घेऊन तुमच्याकडे आला तर जागा करून द्या, सकाळी मोठी बहीण त्याला चिडवणार नाही एवढं बघा. झोपताना दोऱ्या काढून टाका, नुसती मच्छरदाणी किंवा उघडी गादी, आणि एसी किंवा पंख्याचा वारा आत पोचतोय का ते स्वतः आत झोपून बघा, साडीच्या आत मे महिन्यात जीव घुसमटतो.

शेवटी तुम्ही सहज विचारलंय की मग खऱ्या कॅम्पला कधी न्यावं, पवना वगैरे. घाई नाही. न्यायचंच तर मेच्या उन्हात आणि वळवाच्या पावसात तंबूत राहणं मोठ्यांनाच नकोसं होतं, डिसेंबर-जानेवारी बरा. काजवे बघायचे असतील तर मात्र मेचा शेवट ते जूनचा मध्य हेच दिवस, भंडारदरा, राजमाची, पुरुषवाडीकडे, पण शनिवार-रविवार टाळा, गर्दी आणि गाड्यांचे दिवे इतके असतात की काजव्यांनाच एकमेकांचे दिवे दिसत नाहीत, आणि ते चमकतात ते जोडीदाराला बोलवायला. तिथे टॉर्च बंद, आणि बरणीत धरून आणायचे नाहीत हे घरून निघतानाच दोघांना सांगा. तंबूऐवजी गावात कुणाच्या घरी राहायची सोय बघा, साडेतीनच्या मुलाला रात्री शू लागली की जवळ संडास असणं फार महत्त्वाचं असतं. तलावाकाठची साइट घेतलीत तर बुकिंगच्या आधी फोन करून विचारा की तंबू पाण्यापासून किती लांब आहेत आणि रात्री काठावर दिवा असतो का, आणि उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी जागा बघा.